वास कुणाचा

दुपारची जेवणं आटोपली की मुलांचा वॉर्ड पाण्याखाली जायचा. म्हणजे मला तरी तसं वाटायचं. धुऊन धुऊन विटलेले हिरवे पडदे, त्यांतून गाळून येणारा हिरवट उजेड, आणि वर संथ फिरणारे पंखे. आया मुलांच्या उशाशी डोकं टेकून पेंगायच्या. सिस्टर टेबलामागे बसून गोळ्या पुड्यांत भरता भरता स्वतःच डुलकी काढायची आणि मग दचकून उगाचच कुणालातरी दटावायची. अशा वेळी आमचा बोका अर्धवट डोळे उघडायचा, छताकडे बघायचा आणि तापलेल्या आवाजात सांगायचा, "आत्या, बांगडे चाललेत बघ. रांगेनं."

मी वर बघायची. ताप त्याला होता, पण खोटं कशाला बोलू, मलाही दिसायचे. पहाटेपासून बाजारात उभी असायची मी; स्टुलावर टेकलं की डोळे आपोआप मिटत यायचे, आणि पंख्याच्या पात्यांमधून चंदेरी पोटं लकाकत जायची. मग बोका विचारायचा, हे कुठं चाललेत. मी सांगायची, त्यांचं त्यांना माहीत. एवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं आणि तो पुन्हा झोपायचा.

बोका म्हणजे माझा भाचा, दादाचा एकुलता एक, पाच वर्षांचा. रांगत होता तेव्हापासून मासळी कापायच्या फळीखाली येऊन बसायचा आणि वर टक लावून बघायचा, म्हणून मीच हे नाव ठेवलं. आता खऱ्या नावानं हाक मारली तर वळूनही बघत नाही. तर या बोक्याला कित्येक महिने ताप येत होता आणि जात होता. कुशीत दुखायचं, शू करताना रडायचा, आणि मग शू होऊच नये म्हणून पाणी प्यायचा नाही. पाण्याचा पेला झाडाच्या कुंडीत ओतताना मी त्याला पकडला होता. औषध दिलं की थोडे दिवस बरा, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी सोनोग्राफी केली, तर डावी किडनी सुजलेली निघाली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. लघवीत जंतू आहेत हे दिसतंय, पण कोणते ते कळत नाही. ते कळेपर्यंत औषध अंदाजानंच द्यायचं, आणि अंदाज चुकतोय. असाच ताप येत राहिला तर किडनीवर व्रण उठतील, आणि ते व्रण मग आयुष्यभर जात नाहीत. दादानं मान खाली घातली. वहिनी मात्र बाईंच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली, जणू त्यांच्या ओठांवर अजून एखादं वाक्य उरलंय आणि ते बरं असणार आहे.

जंतू सापडेना. बोक्याच्या लघवीची बाटली खाली लॅबमध्ये जायची आणि तिकडून दर वेळी तोच निरोप वर यायचा, की नमुना नीट घेतलेला नाही, अंगावरचे जंतू मिसळलेत, स्वच्छ धुऊन पुन्हा पाठवा. स्वच्छ धुऊन, हे शब्द ऐकले की वहिनीचा चेहरा पडायचा. का ते कळायला तुम्हाला आमचं घर माहीत हवं.

आमचं मासळीचं दुकान आहे. बाजाराच्या अगदी टोकाच्या रांगेत गाळा, पांढऱ्या फरश्या, बर्फाचे खोके, तराजू, आणि पायाखाली कायम वाहणारं पाणी. दादा बर्फ आणि माल बघतो, मी कापते, वहिनी विकते. गिऱ्हाईक वहिनीकडेच येतं, कारण माझ्याशी कुणी भाव केला तर मी सुरी खाली ठेवत नाही. वासाचं म्हणाल, तर माझ्या मते आमच्या बाजाराला वासच नाही. लोक नाकाला रुमाल लावून येतात तेव्हा मला वाटतं, यांना सर्दी झाली असावी. जन्मापासून त्यातच वाढलेल्या माणसाला तो कळणार कुठून?

बोका शाळेत जायला लागला तेव्हा पहिले काही महिने सगळं सुरळीत होतं. मग एक दिवस शाळेतल्या बाईंनी वहिनीला बाजूला घेतलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, की त्याच्या शेजारी बसायला मुलं कुरकुर करतात, मासळीचा वास येतो म्हणतात. पहिले काही महिने आला नाही तो वास आत्ताच कुठून आला, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. मासळीवाल्याच्या पोराला मासळीचा वास येणार, त्यात डोकं काय चालवायचं? बोक्याला तर काहीच वाटलं नव्हतं. पोरांनी विचारलं तेव्हा यानं छाती पुढे काढून सांगितलं होतं, आमचं दुकानच आहे.

वहिनीच्या मात्र ते जिव्हारी लागलं. तिचं माहेरही याच धंद्यातलं. लहान असताना ती एका मैत्रिणीच्या घरी खेळायला गेली होती, आणि निघाल्यावर विसरलेली रिबीन घ्यायला परत वळली, तर मैत्रिणीची आई ती बसलेल्या उशीचा अभ्रा काढून धुवायला टाकत होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, हसत हसत, आणि नंतर बराच वेळ तराजूची पारडी पुसत बसली होती.

तेव्हापासून घरात नवे कायदे आले. बोक्याला दोन वेळा अंघोळ, तीही खरखरीत घासणीनं. त्याचे कपडे वेगळे, आमचे वेगळे. एप्रन दुकानातून थेट घरात आणायचे नाहीत. बोक्यानं दुकानात पाय ठेवायचा नाही. आणि वहिनी दुकानातून आली की अंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावायची नाही. तो दारात धावत यायचा, आणि ती शरण आल्यासारखे दोन्ही हात वर करून म्हणायची, "थांब, आधी अंघोळ." मग बोका न्हाणीघराच्या दाराशी बसून आत पडणारं पाणी ऐकत राहायचा. मी एकदा सुनावलं तिला. म्हटलं, वहिनी, पोराचं सालटं निघेल अशानं, आणि तू काय कोळसा विकतेस का? ती म्हणाली, "ताई, तुम्हाला काय, तुम्हाला कुणी काही बोलायची हिंमत करत नाही." ते खरं होतं.

तर हॉस्पिटलात. डॉक्टरीणबाई वयानं लहानच होत्या, पण त्यांची एक सवय मला आवडायची. रोज सकाळी त्या खाटेच्या कडेवर बसायच्या आणि तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायच्या, जणू आदल्या दिवशीची उत्तरं रात्रीत बदलली असतील. पाणी प्यायला का, दुखतं कुठं, शू करताना जळजळ होते का, लघवीला काही वेगळा वास येतो का. वहिनी उत्तरं द्यायची. वासाला नाही म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ते अगदी खरं होतं. तिला नव्हताच येत.

पण माणूस बाजारापासून लांब राहिला की त्याचं नाक हळूहळू जागं होतं. हे आम्हाला कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, कारण आमच्या घराण्यात बाजारापासून लांब कुणी राहिलंच नव्हतं. वहिनी दिवसरात्र बोक्यापाशी होती. दुकान दादानं आणि मी धरलं होतं. मी दुपारी येऊन तिला थोडी झोपायला सोडायची. आणि एका सकाळी बोक्याची ओली चादर बदलताना तिला तो वास आला. मासळीचा, आणि तोही ताज्या नाही, चांगल्या उतरलेल्या मासळीचा. तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर लाज. तिला वाटलं, हा माझाच. इतके दिवस अंगात मुरलेला, आता या फिनेलच्या स्वच्छ खोलीत उघडा पडलेला.

तिथून ती हात धुण्याच्याच मागे लागली. हॉस्पिटलचा गुलाबी साबण कोपरापर्यंत चोळायची. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. चादर ओली झाली की सिस्टरनं बघायच्या आत काढायची, न्हाणीघरात खळखळून धुवायची आणि गॅलरीत वाळत घालायची. सिस्टर म्हणायची, अहो, आमची माणसं आहेत ना धुवायला. वहिनी म्हणायची, बसून तरी काय करू? सिस्टर मला कौतुकानं सांगायची, तुमच्या वहिनीसारखी टापटीप बाई या वॉर्डात अजून आली नाही.

आणि वॉर्डातली माणसंही किती चांगली असावीत. शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आई आमच्या बाजूची खिडकी उघडी ठेवायची आणि सांगायची, मला बाई उकडतं. सफाईवाली आमच्या खाटेखाली दोनदा पोछा मारायची. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी अवाक्षर काढलं नाही. आम्ही काय विकतो ते सगळ्यांना माहीत होतं, आणि एका आजारी पोराच्या आईला दुखवायचं नाही असं सगळ्यांनी मनोमन ठरवलं होतं. मी तर बाजारातून सरळ यायची. मला काय कळणार? मी स्टुलावर बसायची, पेंगायची आणि बोक्याबरोबर छतावरचे बांगडे मोजायची.

डॉक्टरीणबाई रोज विचारत होत्या. लघवीला वास येतो का? वहिनी म्हणायची, नाही. आता ते खोटं होतं, पण तिच्या दृष्टीनं खोटं नव्हतं. वास होता, तो लघवीला नव्हता, तिला होता. बाई क्षणभर थांबायच्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायच्या.

पुन्हा बाटली खाली गेली. या वेळी वहिनीनं बोक्याला असं काही धुतलं होतं की तो अर्धा तास रडत होता. पुन्हा तोच निरोप आला. त्या दिवशी ताप उतरलाच नाही. बोका बांगड्यांबद्दल बोलायचाही थांबला. नुसता पडून राहिला, गाल लाल, ओठ कोरडे, आणि हाक मारली तर पाण्याच्या तळातून यावं तसा सावकाश वर यायचा. डॉक्टरीणबाईंनी दादाला आणि मला बाहेर बोलावलं. अजून थोडी वाट पाहू, म्हणाल्या, नाहीतर मोठ्या हॉस्पिटलला न्यावं लागेल, तिथं पाठीतून नळी घालून किडनीत साठलेलं काढतील. आत आल्यावर दादानं वहिनीला ते सांगितलं. तिनं भेगा पडलेले हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "माझ्याच हातांनी नमुने खराब होतायत."

त्याच सुमारास समुद्र खवळला. होड्या बांधून ठेवल्या, माल येईना, आणि बाजार समितीनं संधी साधून अख्खा बाजार चुन्यानं धुवायला काढला. गाळ्याला कुलूप लागलं. मी सकाळपासूनच वॉर्डात येऊन बसायला लागले. सुरी नाही, बर्फ नाही, भाव नाही. मला हातांचं काय करावं ते सुचेना. सिस्टरला पुड्या भरायला मदत करायला गेले, तर तिनं हाकलून दिलं. मग स्टुलावर बसून होते. बाहेर वारा घोंघावत होता, पडदे फुगून आत यायचे आणि पुन्हा खिडकीला जाऊन चिकटायचे, आणि दिवस कुठला कुठं वाहत गेला ते कळलं नाही.

अशाच एका दुपारी मला झोप लागली. स्वप्नात मी दुकानात होते. फरश्या कोरड्या, बर्फ वितळून गेलेला, आणि कुठंतरी एक खोका विसरलाय. वासावरून कळत होतं. बांगड्यांचा असणार, कालचा नाही, परवाचा. मी सगळे खोके उघडत होते, एकेक रिकामा निघत होता, आणि मी दादाला शिव्या घालत होते की माल संपवता येत नाही तर उतरवून घेतोस कशाला? फळीखाली वाकले, तर तिथं बोका बसलेला. मी त्याला विचारलं, खोका कुठाय? तो नुसता हसला. मी जागी झाले, तोंडात ती शिवी अर्धी उरलेली, आणि वास तसाच होता.

पहिल्यांदा वाटलं, स्वप्न पुरतं संपलेलं नाही. हिरवा उजेड तोच, पंखे तेच. मी माझा हात नाकाशी नेला. चुना आणि साबण. कित्येक दिवसांत मी मासळीला हात लावला नव्हता. वहिनीनं त्याहून जास्त दिवस नव्हता लावला. बाजारच बंद होता. मग हा खोका या वॉर्डात आणला कुणी?

वहिनी न्हाणीघरातून आली, हातात पिळलेली चादर. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला समजलं. ती जागीच थांबली, आणि इतक्या हळू आवाजात म्हणाली की मला वाकून ऐकावं लागलं, "तुम्हालाही येतो ना? माझा आहे तो. जातच नाही, ताई. किती धुतलं तरी जात नाही."

मी उठले, तिच्या हातातली चादर स्टुलावर टाकली आणि तिचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले. मग मनगट, मग खांदा, मग केस. शेजारची बाई बघत होती, बघू दे म्हटलं. वहिनीच्या अंगाला साबणाचा वास येत होता. नुसता साबणाचा. बाईमाणसाचा, घामाचासुद्धा येत नव्हता, इतकी तिनं स्वतःला पुसून टाकली होती. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी म्हटलं, "तुझ्या अंगाला कसलाही वास येत नाहीये. ऐकलंस? काहीही वास येत नाहीये."

मग आम्ही दोघी एकदमच खाटेकडे वळलो. बोका कुशीवर झोपला होता, चड्डी ओली झालेली. वहिनी वाकली, त्याच्या कमरेशी नाक नेलं, आणि वाकलेलीच राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरीणबाई संध्याकाळच्या फेरीला आल्या, खाटेच्या कडेवर बसल्या आणि सकाळसारख्याच पुन्हा सुरू झाल्या. पाणी प्यायला का? दुखतं कुठं? वहिनी एकेकाचं उत्तर देत होती. मी सांगितलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण मी दात घट्ट मिटून बसले. माझी जीभ इतका वेळ गप्प राहण्याचा तो विक्रमच होता. ते तिचं होतं, तिनंच सांगायला हवं होतं.

"लघवीला काही वेगळा वास येतो का?"

"येतो," वहिनी म्हणाली. "मासळीचा. सडक्या मासळीचा येतो. खूप दिवसांपासून येतो, शाळेतल्या मुलांनाही यायचा. मला वाटलं माझाच आहे, म्हणून मी तुम्हाला नाही सांगायचे. चादरी मीच धुऊन टाकत होते."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांचे कान लाल झाले. "मलाही येत होता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुमच्या कामाचा असेल. पुन्हा खोदून विचारणं बरं दिसलं नाही मला."

मग त्या उठल्या आणि जवळजवळ धावतच फोनकडे गेल्या. लॅबला सांगितलं, जंतू वाढवायची कालची काचेची बशी टाकली नसेल तर टाकू नका, या मुलाच्या बशीवर जे काही उगवलंय ते वेगळं काढा, कितीही बारीक असू दे. लॅबच्या बशीवर राखाडी ठिपके उगवत होते, सुईच्या टोकाएवढे. अंगावरच्या निरुपद्रवी जंतूंसारखेच दिसतात म्हणून दर वेळी त्यांना मिसळलेले समजून फेकलं जायचं. आता त्यांनी ते उचलून नव्या बशीवर लावले, आणि बशी बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावलं. मेणबत्ती आपोआप विझते आणि आतली हवा कोंदट होते. तशाच हवेत हे जंतू चांगले वाढतात. हे मला डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. त्या रात्री घरी पडल्यावर मला ती बरणी दिसत राहिली, अंधारात विझलेली मेणबत्ती, आणि तिच्याशेजारी आमच्या बोक्यातून निघालेले ते ठिपके, सावकाश मोठे होणारे.

जंतू सापडला. नाव इतकं लांब की दादानं दोनदा विचारून सोडून दिलं. हा बहुतेक म्हाताऱ्या माणसांत सापडतो, मुलांमध्ये क्वचितच. लघवीत बुडवायच्या पट्टीवर त्याची खूण धड उमटत नाही. बोक्याला देत होते त्या औषधाला तो दाद देत नव्हता, पण पेनिसिलिनच्या घराण्यातल्या एका साध्या, जुन्या औषधापुढे मुकाट शरण येतो. आणि लहान मुलग्यांत तो असला की लघवीला अशीच घाण येते. बोक्याच्या किडनीखालची वाट जरा अरुंद आहे, म्हणून हा तिथं ठाण मांडून बसला असावा. त्या वाटेचं काय करायचं ते ताप गेल्यावर बघू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नळीचं नाव मात्र पुन्हा कुणी काढलं नाही.

वहिनीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि बाई गेल्यावर गॅलरीत जाऊन ओक्साबोक्शी रडली. मी मागोमाग गेले. मला वाटलं, सुटली म्हणून रडते आहे. तसं नव्हतं. ती म्हणत होती, आतून आजारी होतं माझं पोर आणि मी वरून घासत होते. रडायचा तरी घासत होते. मी तिला काय सांगणार? मी म्हटलं, आम्ही सगळेच आंधळे होतो. ती म्हणाली, तुम्ही नव्हता घासत. मी तिच्या शेजारी उभी राहिले, आणि वाळत घातलेल्या चादरी वाऱ्यानं आमच्या तोंडावर येत राहिल्या.

नवीन औषध सुरू झालं आणि ताप ओहोटीसारखा उतरत गेला. बोका पाणी प्यायला लागला, शू करताना रडेना, आणि वासही हळूहळू गेला. शेजारच्या बाईला उकडायचं थांबलं. मग समुद्र शांत झाला, बाजार उघडला, आणि पहिल्याच दिवशी इतकी झुंबड उडाली की मला एप्रन धुवायलाही वेळ मिळाला नाही. एप्रन पिशवीत कोंबला आणि मी तशीच वॉर्डात आले.

दुपार होती. आया पेंगत होत्या. वहिनी बोक्याच्या पायाशी बसून त्याचे कपडे घडी करत होती, दोन दिवसांत घरी सोडणार होते. बोका गाढ झोपला होता, आजाऱ्याची नाही, दमलेल्या पोराची झोप. मग तो एकदम उठून बसला, केस एका बाजूला चपटे झालेले, आणि झोपेतल्या आवाजात विचारलं, "आई कुठं गेली?"

"अरे, ही काय इथंच आहे," वहिनी म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं, पण त्याला पटलं नाही. त्यानं उशी हुंगली, मग चादर ओढून हुंगली. "रोज झोपेत तू माझ्याजवळ असायचीस," तो म्हणाला. "दुकानातून आलेली, तश्शी. अंघोळ न करता. आता नाही येत." आणि त्याचा खालचा ओठ बाहेर आला.

वहिनीचे हात थांबले. इतके महिने तिनं त्याला दारातच थांबवलं होतं, आणि हे पोर त्या सडक्या वासाला आई समजून, कुशीत घेऊन झोपत होतं. आम्ही ज्याच्यामागे औषधं घेऊन लागलो होतो, तेच त्याला जवळचं वाटत होतं.

"ताई," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचा एप्रन असेल ना पिशवीत?"

मी म्हटलं, अगं, घाण आहे तो, आत्ताच काढलाय, खवले चिकटलेत. तिनं नुसता हात पुढे केला. मी दिला. तिनं तो डोक्यावरून घातला, धुतलेल्या स्वच्छ कपड्यांवर, पाठीमागे गाठ मारली आणि चपला काढून खाटेवर चढली. सिस्टरनं मान वर केली, बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा पुड्यांकडे वळली. वहिनीनं बोक्याला ओढून घेतलं. तो तिच्या पोटाशी नाक खुपसून आत सरकत गेला, गुडघे जवळ घेतले, आणि तिनं दोन्ही हातांनी त्याला असं धरलं की तो दिसेनासा झाला.

"बांगडा," आतून आवाज आला.

"आणि कोळंबी," वहिनी म्हणाली.

त्या दिवशी कोळंबी आलीच नव्हती.